सासऱ्यांचं नाव त्रेचाळीस वेळा

कोक-जार, २८ सप्टेंबर

सालकिन,

पाकीट न फोडता शेगडीत टाकायचं असेल तर खुशाल टाक. फक्त आधी हातानं चाचपून बघ. आत कुरुतचे दहा गोळे आहेत, यंदाच्या दह्याचे, खारट, तुला आवडतात तसे कडक. ते काही तू जाळायची नाहीस, म्हणजे पाकीट फुटणार आणि पत्रही हाती लागणार. तीस वर्षं शेजारच्या वर्गात शिकवलंय मी तुझ्या, एवढं तरी ओळखते.

मिनीबसवाल्या केमेलच्या हाती पाठवतेय. बिश्केकच्या बाजारातलं तुझं वह्या-पेनांचं दुकान त्याला ठाऊक आहे म्हणाला. फोनवर तर तू मला नऊ वर्षं बंद करून ठेवलंयस. ठेव बापडी. आणि आपल्या भांडणाबद्दल मी इथं एक अक्षर लिहिणार नाही, आधीच सांगून ठेवते. जे झालं ते झालं.

बातमी वेगळीच आहे. आठवतं, शिक्षकांच्या बैठकीत तू एकटीनं हात वर केला होतास? ‘शाळेला संगणक हवेत.’ आणि मी म्हटलं होतं, आधी वर्गाला शेगडी हवी, गणिताच्या बाईंना आकडे खाऊन ऊब येत असेल, आम्हाला येत नाही. सगळे हसले होते आणि शेगडी आली होती. तर आता ऐक आणि पोटभर हस. सात संगणक आलेत. आणि या महिन्यात त्यांच्यात शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी नवंकोरं सॉफ्टवेअर आलंय. नारिनहून एक पोरगी शिकवायला आली होती, आपल्या लेकीच्या वयाची. मी शेवटच्या बाकावर बसून नाक मुरडत होते. मग ती म्हणाली, ‘यात तुम्ही बोलाल ते आपोआप लिहिलं जातं.’ मी म्हटलं, बघू तर. उठले, व्याकरणाचा अर्धा धडा खणखणीत आवाजात सांगितला. लिहिला गं मेल्यानं! एकही चूक नाही. फक्त क्रियापदाच्या मधोमध ‘बेक्तुर, नाकातलं बोट काढ’ हेही छापून आलं. सगळी शाळा लोळली. मी तेव्हाच त्याच्या प्रेमात पडले.

अजून काय काय आहे त्यात! मूल मोठ्यानं वाचतं आणि ते ऐकून कुठल्या शब्दाला अडखळलं ते सांगतं. निबंधाच्या समासात आपण टीप लिहायची, मुलानं तिथंच उत्तर द्यायचं. आणि कुणी, कुठल्या दिवशी, किती वाजता कुठला शब्द घातला नि कुठला काढला, सगळ्याची नोंद राहते. पुसलं तरी पुसत नाही.

प्रत्येक मुलाला त्याचं वेगळं नाव आणि पासवर्ड आला होता, छोट्या चिठ्ठ्यांवर. आपल्या तालाय हेडमास्तरांनी काय करावं? हरवू नयेत म्हणून त्या तिजोरीत कोंडल्या! तिजोरीची किल्ली बायकोच्या कोटात, आणि बायको कोट घालून ओशला, लेकीच्या बाळंतपणाला. मी कपाळावर हात मारला. मग मीच तोड काढली. सातही संगणक माझ्या एकटीच्या नावानं उघडले. एका दस्तरखानाभोवती बसून सगळे जेवतात ना, तसं माझ्या एका नावात सगळा वर्ग लिहितोय. आहे की नाही युक्ती? तालाय तर म्हणाले, ‘बुरुलचा, तुम्ही नसतात तर काय झालं असतं!’

हे सगळं तुला मुद्दाम कळवतेय. तू बरोबर होतीस. संगणकांबाबत, म्हणजे.

बुरुलचा

कोक-जार, १५ नोव्हेंबर

सालकिन,

उत्तर नाही. पण केमेल म्हणाला की तू पाकीट घेतलंस आणि त्याच्यासमोर गोळे मोजलेस. तुझा त्याच्यावर संशय होता म्हणे, वाटेत एक त्यानं खाल्लाय असा. नऊच भरले ना? चोर आहे तो. यावेळी बारा टाकलेत.

आज तुला एका मुलीबद्दल सांगायचंय. तुमार तिचं नाव, नववीत आहे. बाप रशियात इमारतींवर कामाला, आई तिकडेच, ही आजीजवळ. काटकुळी, कपाळावर केस, विचारलं तर एक शब्द बोलणार, आणि तोही जड झाल्यासारखा. पण लिहायला लागली की थांबत नाही. आपली शाळा नववीपर्यंतच, तुला माहीतच आहे. मेमध्ये शाळा संपली की काकाच्या मेंढ्या, आणि दोन वर्षांत कुणाच्या तरी घरची चूल. काकूनं आत्ताच घर बघून ठेवलंय.

यंदा एक निबंधस्पर्धा निघाली आहे. पहिल्या तीन जणांना राजधानीतल्या निवासी शाळेत जागा. राहणं, खाणं, पुस्तकं, सगळं. तिच्यासाठी हे एकच दार आहे, सालकिन, दुसरं नाही. विषय: ‘आमच्या गावचं एक माणूस’. आणि या पोरीनं निवडलं कुणाला? आपल्या शाळेच्या पाटीवर ज्यांचं नाव आहे त्यांना! ज्यांनी डोंगरातून कालवा खणून गावात पाणी आणलं आणि मग शाळा बांधली, त्यांना. म्हणजे माझ्या सासऱ्यांना.

आता तू हसणार. ‘पाटीखालून जाताना मान खाली घालतेस, नाव चुकून वाचलं जाईल म्हणून,’ असं तूच चिडवायचीस ना? चिडव. पस्तीस वर्षं झाली सून होऊन, नवऱ्याच्या वडिलांचं नाव ना माझ्या तोंडून निघालं ना हातून. थोरले बाबा म्हणत आले, थोरले बाबाच म्हणेन. ते जाऊन वीस वर्षं झाली म्हणून काय झालं? शहरातल्या सुना आता घेतात म्हणे खुशाल नावं. घेऊ देत. स्पर्धेचा अर्ज मी भरला, सगळे रकाने माझ्या अक्षरात, फक्त शाळेच्या नावाचा रकाना नेहमीप्रमाणे तालायनी भरला. नेहमीप्रमाणे कुरकुरत. ‘पस्तीस वर्षांत तुमच्यामुळे माझं अक्षर सुधारायला हवं होतं,’ म्हणाले.

तुमार शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलीत बसून लिहिते, मी घरी मळलेल्या पिठाचे हात पुसून फोनवर वाचते आणि समासात टीप टाकते. सुरुवातीला मी बरंच सुधारलं. मग माझ्या लक्षात आलं की मी सुधारलेलं ती दुसऱ्या दिवशी गुपचूप परत होतं तसं करते! अगं, माझ्या तोंडाकडे मान वर करून बघत नाही ती पोर, पण तिथं एक शब्द ऐकेल तर शपथ. सर्वांत मोठं भांडण एका परिच्छेदावरून झालं. तिनं लिहिलंय की कालव्याला पहिलं पाणी आलं त्या दिवशी थोरले बाबा एका दगडावर बसून रडले. मी टीप टाकली, काढून टाक, शोभत नाही. तिनं नाही काढलं. मी काढलं. तिनं परत घातलं. तीन वेळा! चौथ्या वेळी मीच हात टेकले. टिपेखाली ‘झालं’ असं एक बटण असतं, ते दाबलं की टीप मिटून जाते. एकेक करत सगळ्या मिटवल्या आणि निबंध पाठवून दिला.

खरं सांगू? ही मुलगी माझ्यापेक्षा चांगलं लिहिते. हे स्वतःशी कबूल करायला मला तीन दिवस लागले. पूर्वी असं काही वाचलं असतं तर मी

असो. पीठ सुकतंय.

बुरुलचा

कोक-जार, ७ डिसेंबर

सालकिन,

कुरुत नाहीत यावेळी. काही करायला हात उठत नाहीत.

तुमारचा निबंध बाद केला त्यांनी.

स्पर्धेचा नियम असा की फाईल पाठवायची ती तिच्या नोंदींसकट. समितीचे प्रमुख आहेत एसेनोविच म्हणून, त्यांचा फोन आला. ‘बाई, बाराशे बदल आहेत आणि बाराशेच्या बाराशे तुमच्या नावावर. तुमार नावाची कुणी व्यक्ती या फाईलमध्ये जन्मालाच आलेली नाही. निबंध तुम्ही लिहून दिलाय.’ मी त्यांना तिजोरीचं सांगितलं. किल्लीचं सांगितलं. कोटाचं, ओशचं, बाळंतपणाचं सांगितलं. माझ्याच कानाला ते इतकं खोटं वाटलं की काय सांगू! माझी ती युक्ती, गं! जिची मी तुझ्याकडे टिमकी वाजवली. एका नावात सगळा वर्ग.

मी म्हटलं, ‘पण पुरावा काय तिनं न लिहिल्याचा?’ तर म्हणाले, ‘पुरावा कशाला हवा? पंधरा वर्षांची खेड्यातली मुलगी असं लिहीत नाही. मला कळतं ते.’

फोन ठेवला आणि तू आठवलीस. तू ओळखलंस ना ते वाक्य? तुलाच तर म्हटलं होतं मी.

भांडणाबद्दल लिहिणार नाही म्हणाले होते. खोटं बोलत होते, त्याच्याशिवाय दुसरं काही लिहायचंच नव्हतं मला. तर आता लिहिते. तुझी एलनुरा नववीत होती. तिनं निबंध आणला, ‘माझी आई’. मी वाचला आणि मला धक्का बसला. इतका चांगला होता. आणि मी काय केलं? सगळ्या वर्गासमोर विचारलं, कुठून उतरवलास? ती गप्प. मी म्हटलं, तुझ्या वयाची मुलगी असं लिहीत नाही. ती गप्पच. तिचं गप्प राहणं मला कबुली वाटली. मी पानं फाडली आणि त्याच त्या शेगडीत टाकली, जी मी संगणकांऐवजी मागून घेतली होती. तू धावत आलीस. म्हणालीस, माझ्या लेकीनं माझ्यासमोर बसून लिहिलंय, तू पुरावा दाखव. मी म्हटलं, पुरावा कशाला हवा, मला कळतं.

मुलगी शाळेत परत आली नाही. शिवणकामाच्या कारखान्यात गेली, बिश्केकला. तिच्यामागे तूही गेलीस, तीस वर्षांची नोकरी टाकून. आणि मी गावात सांगत फिरले की सालकिनला शहराचा मोह पडला.

आज तुमारला बोलावून सांगितलं. रडली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘बाई, पुढच्या वेळी मी थोडं वाईट लिहीन.’

एलनुरानं तर एवढंही म्हटलं नव्हतं मला.

एकोणीस तारखेला समितीपुढे बाजू मांडायची परवानगी मागून घेतली आहे. काय मांडणार ते मला माहीत नाही. शिकवणीचे व्हिडिओ आहेत त्या सॉफ्टवेअरचे, अठरा आहेत, रोज वर्ग सुटल्यावर बसून बघतेय. अठ्ठावन्नाव्या वर्षी वहीत उतरवून घेतेय, परीक्षेला बसल्यासारखी. पण मी ही पोरगी त्यांना खाऊ देणार नाही. एक गेली माझ्या हातून, ही जाऊ देणार नाही.

बुरुलचा

कोक-जार, २० डिसेंबर

सालकिन! सालकिन गं!

जिंकले! आधी हे वाच, मग बाकीचं. जिंकले, जिंकले, जिंकले!

आता सविस्तर. केमेलनं आम्हाला खिंडीतून नारिनला नेलं, बर्फ इतका की दोनदा उतरून ढकलावं लागलं. मी, तुमार आणि तालाय. तालायनी कोटाच्या आतल्या खिशात त्या चिठ्ठ्या आणल्या होत्या! बायको परत आली, किल्ली मिळाली, चिठ्ठ्या निघाल्या, नव्या वर्षाच्या दहा-बारा दिवस आधी. मी म्हटलं, ‘सर, यांची आता उसवलेल्या बाहीला ठिगळं लावा.’ तुमार आजीचा कोट घालून आली होती, तिच्या गुडघ्याखाली येणारा.

समितीत तिघं. मधोमध एसेनोविच, गळ्यात टाय, समोर कागद एका रेषेत. एका बाजूला संगणक चालवणारा एक तरुण. दुसऱ्या बाजूला पांढरा रुमाल बांधलेल्या क्युमुश आजी, जुन्या कथा गोळा करतात त्या, ऐंशीच्या पुढच्या. बाकी खोलीत इतर शाळांचे पंधरा-वीस मास्तर, तमाशा बघायला.

तरुणानं नोंदी भिंतीवर दाखवल्या. बुरुलचा, बुरुलचा, बुरुलचा, वरपासून खालपर्यंत. मेली मला माझ्याच नावाची शिसारी आली.

एसेनोविच म्हणाले, ‘बाई, हा तुमचा निबंध. पहिला परिच्छेद वाचून दाखवा. स्वतःचं लिखाण वाचताना कुणी अडखळत नाही.’

मी चष्मा लावला, उभी राहिले, तोंड उघडलं. आणि निबंधाचा पहिलाच शब्द म्हणजे थोरल्या बाबांचं नाव!

जीभच हलेना. मी मनात म्हणत होते, अगं म्हण, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, एकदा म्हण. पण पस्तीस वर्षं गं! शेवटी म्हटलं, ‘थोरले बाबा...’

‘असं इथं लिहिलेलं नाही,’ एसेनोविच म्हणाले. ‘जे लिहिलंय ते वाचा.’

मी परत, ‘थोरले बाबा.’

मागे कुणीतरी फिसकन हसलं. एसेनोविच समितीकडे वळले, ‘बघा. यांना तर वाचताही येत नाहीये.’

तेवढ्यात क्युमुश आजी पुढे वाकल्या. ‘थांब रे जरा. मुली, तू सून कुणाची?’

मी म्हटलं, ‘ज्यांच्यावर निबंध आहे, त्यांची.’

‘किती वर्षं?’

‘पस्तीस.’

‘आणि लिहितानाही नाव नाही घेत?’

‘लिहितानाही नाही, आजी.’

आजींनी टेबलावर अशी थाप मारली की एसेनोविचचे कागद उडाले. ‘अरे शहाण्यांनो! ही बाई हा निबंध लिहूच शकत नाही! पहिल्याच शब्दाला मेली असती ही!’

पण तो एसेनोविचही काही लेचापेचा नाही. म्हणाला, ‘आजी, लोकांत नाव घेत नसतील. घरी बसून टाइप करायला कोण अडवतंय? कोण बघतंय?’

आणि सालकिन, तिथं माझं डोकं भडकलं. तू मला नेहमी म्हणायचीस ना, बुरुलचा, तू चिडलीस की तुला अक्कल येते! मी म्हटलं, ‘साहेब, तुमच्यासमोर आमचा अर्ज आहे ना, तो काढा. सगळे रकाने कुणाच्या अक्षरात?’

‘तुमच्या.’

‘आणि शाळेच्या नावाचा?’

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. शाळेच्या नावात थोरल्या बाबांचं नाव, आणि तेवढाच रकाना तालायच्या कावळ्याच्या पायांच्या अक्षरात. तालाय मागून ओरडले, ‘साहेब, पस्तीस वर्षं मी भरतोय! पगारपत्रकावर, पुस्तकांच्या मागणीवर, दाखल्यांवर! हवी तर सगळी कपाटं पाठवतो!’

मग मी त्या तरुणाला म्हटलं, ‘बाळ, शोध उघड. निबंधात ते नाव किती वेळा आलंय बघ.’ त्रेचाळीस वेळा. ‘आता समासातल्या टिपा उघड.’ तो म्हणाला, ‘टिपा नाहीत, बाई. मिटवलेल्या आहेत, गेल्या.’ मी म्हटलं, ‘जात नाहीत. वर उजवीकडे दाब. मिटवलेल्या टिपा दाखवा, असं येईल. सहावा व्हिडिओ, बघितला नाहीस का?’

सालकिन, ते पोर माझ्याकडे ज्या नजरेनं बघायला लागलं ना, ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

टिपा उघडल्या भिंतीवर, सगळ्याच्या सगळ्या. मला आठवतही नव्हतं काय काय लिहिलंय ते. आजींनी ठणठणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

‘बुरुलचा म्हणते, थोरले बाबा रडले हे काढून टाक, शोभत नाही. त्यावर बुरुलचा म्हणते, नाही काढणार, बाई, माझ्या आजीनं पाहिलंय. बुरुलचा म्हणते, उद्धट. बुरुलचा म्हणते, हो, बाई.’

सगळी खोली फुटली. मास्तर लोक मांड्या थोपटत होते. आजींनी रुमालाच्या टोकानं डोळे पुसले. ‘एसेनोविच, अहवालात काय लिहायचं? ही बाई घरी बसून स्वतःलाच उद्धट म्हणते आणि वर स्वतःलाच हो बाई म्हणते?’

टिपांमध्ये मी एकोणीस वेळा ‘थोरले बाबा’ म्हटलं होतं. नाव एकदाही नाही. निबंधात त्रेचाळीस वेळा नाव, ‘थोरले बाबा’ एकदाही नाही. दोन माणसं अगदी वेगवेगळी दिसत होती, एकाच नावाखाली.

एसेनोविचनी उडालेले कागद पुन्हा एका रेषेत लावले. मग पहिल्यांदाच त्यांनी तुमारकडे पाहिलं. त्याआधी त्या मुलीकडे कुणी बघितलंच नव्हतं. म्हणाले, ‘बाई एवढं सांगत होत्या, तरी तो रडण्याचा परिच्छेद का ठेवलास?’

तुमार उठली. कोटात बुडालेली. मला वाटलं, एक शब्द बोलेल आणि बसेल. पण बोलली! ‘कारण कालवा दोघांनी खणला होता. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ. दरड कोसळून भाऊ गेला. पाणी आलं तेव्हा गाव नाचत होतं, ते एकटेच बसले होते. पाटीवर नाव एकाचंच लागलं. निबंधात भाऊ फक्त त्या रडण्यातच आहे, ते काढलं असतं तर तोही निघाला असता.’

पस्तीस वर्षं त्या घरात राहिले मी. त्यांच्या हाताला पाणी घातलं, त्यांची चहाची वाटी भरली. भाऊ होता हे मला माहीत नव्हतं. मी नाव घ्यायचं टाळलं आणि विचारायचंही टाळलं. माझ्या पंधरा वर्षांच्या विद्यार्थिनीकडून कळलं मला माझ्याच घरातलं.

तिघांनी आत जाऊन विचार केला, पाव तासही लागला नाही. पहिला क्रमांक! तिसरा नाही, दुसरा नाही, पहिला! फेब्रुवारीपासून राजधानीत. आणि मग एसेनोविच टेबलाला वळसा घालून बाहेर आले, टाय सरळ केला, तुमारसमोर उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, ‘मुली, मी चुकलो. माफ कर.’

टाळ्या वाजत होत्या, तालाय मला मिठी मारू की नको अशा बेतात उभे होते, आणि मी ढसाढसा रडायला लागले. सगळ्यांना वाटलं आनंदानं. आनंदही होताच गं, पोटभर होता! पण मला त्या माणसाचा हेवा वाटला. बारा दिवसांत त्याला कळलं आणि दोन शब्दांत त्यानं मिटवून टाकलं.

परत येताना केमेलनं गाडीत गाणी लावली. तुमारनं खिडकीवर बोटानं काहीतरी लिहिलं आणि मी बघायच्या आत पुसलं. तिच्या त्या पुसण्याची मात्र कुठं नोंद नाही.

बुरुलचा

कोक-जार, २६ डिसेंबर, दुपारी तीन

सालकिन, आणि एलनुरा, तूही,

हे पत्र कागदावर नाही. केमेलनं काल एक चिठ्ठी आणली, तिच्यावर एलनुराचा ईमेल, एलनुराच्याच अक्षरात. नऊ वर्षं झाली तरी मी ते अक्षर ओळखलं. बाकी काही लिहिलेलं नव्हतं, आणि मी काही जास्त समजून घेत नाहीये. फक्त शाळेच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये हे पान उघडून त्याची लिंक तुम्हाला पाठवली आहे. वाटलं तर उघडा.

काल सकाळी शाळा भरली तेव्हा मी सगळ्यांपुढे उभी राहिले. पहिलीच्या पोरांपासून शिपायापर्यंत सगळे होते. तुमारच्या सत्कारासाठी बोलावलं होतं. तो झाला, तिच्या आजीनं पिठाचे तळलेले गरम बोरसोक वाटले. मग मी म्हटलं, मला अजून एक सांगायचंय. नऊ वर्षांपूर्वी याच शाळेत एलनुरा नावाच्या मुलीनं स्वतः लिहिलेला निबंध मी उतरवलेला म्हटलं आणि जाळला. ती खरी होती, मी खोटी होते. तिच्या आईबद्दल गावात मी जे बोलले तेही खोटं होतं. तालाय म्हणाले, बाई, बसा आता. मी म्हटलं, बसते, आधी हे शाळेच्या बैठकवहीत लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली.

एलनुरा, मी चुकले. तू मला माफ केलं नाहीस तरी मी चुकलेच.

अजून एक गोष्ट आहे, जी मी कुणालाच सांगितली नव्हती. त्या दिवशी शेगडीत एकच पान गेलं. पहिलं पान माझ्या हातातून खाली पडलं होतं. संध्याकाळी वर्ग झाडायला आले तेव्हा सापडलं, अर्ध्यात फाटलेलं. जाळवलं नाही, परत द्यायची हिंमतही झाली नाही. आज ते खाली उतरवतेय, जसंच्या तसं. एक शब्दही मी सुधारलेला नाही.

‘माझी आई. नववी, एलनुरा. माझी आई गणित शिकवते, त्यामुळे तिला सगळं मोजायची सवय आहे. मोजताना तिचे ओठ हलतात पण आवाज येत नाही. ती जिन्याच्या पायऱ्या मोजते, भाकरी मोजते, माझ्या वेणीचे पेड तीनच असतात तरी मोजते. शरदात आम्ही गवताच्या गंजी रचल्या तेव्हा तीही मोजत होती. बाबा जाऊन तेव्हा चाळीस दिवस झाले होते. मी तिला विचारलं, आई, घरातली माणसं मोजायची झाली तर’

इथं पान संपतं. पुढचं मी जाळलं.

एवढं लिहून मी चहा ओतायला उठले होते. परत येऊन बघते तर पानाच्या वर एक हिरवी खूण आली आहे. त्यावर नाव आहे, एलनुरा. शिकवणाऱ्या पोरीनं सांगितलं होतं, पान कुणी उघडून बसलं की असं दिसतं म्हणून. म्हणजे तू आत्ता इथं आहेस, पोरी. मी लिहितेय ते तू वाचतेयस. हिरवी रेघ माझ्या ओळींवरून खाली खाली येतेय. तुझ्या निबंधापाशी आली. थांबली. बराच वेळ थांबली आहे. मी काही

कुठून सुरुवात करायची? आई म्हणाली, जी घरी नाहीत त्यांच्यापासून. म्हणून आम्ही बाबांपासून सुरुवात केली. एक. मग आई दोन झाली आणि मी तीन. आई म्हणाली, बघ, कुणी कमी नाही. मग आम्ही परत गवत मोजायला लागलो पण आईचा आकडा चुकला, आणि माझी आई कधीच चुकत नाही, म्हणून मला कळलं की

लिही, पोरी, लिही. मी मधे येत नाही. माझे दोन्ही हात मांडीवर आहेत.